इंटर्न डॉक्टरांना ईसीजी कितपत वाचता येतो?

फोंड्याची_टेक्निशियन

नमस्कार. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. फोंडा महालातल्या एका खासगी इस्पितळात ईसीजी टेक्निशियन होते, आता निवृत्त. छातीला जेली लावायची, सक्शनचे बल्ब चिकटवायचे, पट्टी (हृदयाच्या विजेचा कागदावरचा आलेख) काढायची, एवढंच माझं काम. वाचणं माझं काम नव्हे. पण पट्टी ज्याच्या हातात द्यायची तो ती कशी बघतो, हे रोज बघत आले.

नव्या डॉक्टरांच्या तीन तऱ्हा. पहिला पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात यंत्राने छापलेलं वाक्य वाचतो आणि मान डोलावतो. दुसरा मोबाईलवर फोटो काढून सिनिअरला पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत पेशंटला ‘जेवण कधी झालं’ विचारत बसतो. तिसरा सगळ्यांत हुशार. तो पट्टीकडे बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघतो.

आता माझा भाचा एमबीबीएस होऊन इंटर्नशिपला लागतोय. चवथीला घरी आला होता, तेव्हा त्याची थोडी परीक्षा घेतली. माझ्याकडे जुन्या पट्ट्यांच्या झेरॉक्स आहेत (नावं कापलेल्या, आणि झेरॉक्स अशासाठी की थर्मल कागदावरची रेघ काही वर्षांत उडून जाते). मोठा, ढळढळीत हार्ट अटॅक त्याने लगेच ओळखला. दुसरी पट्टी दिली, ज्यात लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी जेमतेम वर उचललेला आणि एव्हीएलमध्ये किंचित खाली (लीड म्हणजे हृदयाकडे एकेका कोनातून बघणारी रेघ, अशा बारा; एसटी म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग). म्हणाला, ‘नॉर्मल’. त्या पेशंटला त्याच संध्याकाळी बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवावं लागलं होतं. तिसरी पट्टी दोन हातांच्या वायर उलट लागलेली. ती बघून स्वारी खूश, ‘मावशी, हृदय उजवीकडे! डेक्स्ट्रोकार्डिया!’

मुलगा अभ्यासू आहे, नंबरात पास झालेला. म्हणून विचारते की हे याचंच असं की सगळ्यांचंच? वर्षभरात वाचायला शिकायचं तर कसं? आणि हल्ली आरोग्य केंद्रातून ईसीजी पाठवला की काही मिनिटांत वरून उत्तर येतं म्हणतात. मग त्याने डोकं खपवायची गरज तरी उरलीय का?


जुना_फिजिशियन (डिचोली)

बाई, तुमचा भाचा एकटा नाही. २०२० साली या विषयावरच्या ७८ अभ्यासांचा एकत्रित आढावा अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. खास प्रशिक्षणाआधी अचूकतेचा मध्यक असा निघाला: वैद्यकीय विद्यार्थी ४२ टक्के, निवासी डॉक्टर सुमारे ५६, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर ६९ च्या आसपास, आणि खुद्द हृदयरोगतज्ज्ञ ७५. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. तज्ज्ञसुद्धा चारातली एक पट्टी चुकतात.

पण यावरून निम्म्या पेशंटांचं निदान चुकतं असं कोणी समजू नये. हे आकडे परीक्षेतल्या पट्ट्यांचे, आणि प्रत्येक अभ्यासात पट्ट्या वेगळ्या, कुठे सोप्या, कुठे मुद्दाम अवघड. शिवाय परीक्षेत समोर पेशंट नसतो. घामाने भिजलेला, डावा हात चोळणारा पंचावन्न वर्षांचा माणूस खाटेवर असला की तीच पट्टी वेगळी दिसते. आणि दिसायलाच हवी.

माझ्या मते दोष शिकवण्याच्या क्रमात आहे. आमच्याकडे ईसीजी आजाराआजाराने शिकवतात. सोमवारी हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा), मंगळवारी पोटॅशियम, बुधवारी इन्फार्क्ट, म्हणजे हार्ट अटॅक. बुधवारी पडद्यावर दिसेल ती प्रत्येक पट्टी इन्फार्क्टचीच असणार हे पोराला बसल्या जागी माहीत असतं, मग तो बघेल कशाला? म्हापशाच्या बाजारात एका पाटीत फक्त तारले मासे मांडलेले असले तर ते तारले हे पाहुण्यालाही सांगता येतं. तारले नि त्यांच्यासारखेच दिसणारे पेडवे मिसळून समोर ओतले की कोण खरा गोंयकार ते कळतं. २००३ साली कॅनडात विद्यार्थ्यांवर हेच करून बघितलं. एका गटाला एकेका निदानाच्या पट्ट्यांचा गठ्ठा, दुसऱ्याला सगळ्यांची सरमिसळ. नंतर नव्या पट्ट्यांवर पहिल्या गटाचं ३० टक्के बरोबर आलं, सरमिसळवाल्यांचं ४६. तुम्ही चवथीला केलंत ते नेमकं दुसऱ्या प्रकारचं, आणि म्हणूनच तो गडबडला. बंद करू नका.

यंत्राच्या छापील वाक्याबद्दल माझा नियम असा की पट्टीचा वरचा काठ मागे दुमडायचा. आधी स्वतःचं निदान पेनाने लिहायचं, मग काठ उलगडायचा. यंत्र ठोके मोजतं, अंतरं मोजतं, ते बरं मोजतं. पण ताल ओळखताना गोंधळतं, आणि थरथरणाऱ्या रेघेला बिनदिक्कत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा बेताल ठोका) म्हणतं. एकदा ते वाक्य डोळ्यांत भरलं की नवशिक्याला पट्टीत तेच दिसायला लागतं.

बघण्याचा क्रम मात्र ठरलेला हवा. आधी पेशंटचं नाव आणि वेळ. मग कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आहे ना, आणि एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची आहे ना. कोणीतरी उंची निम्मी करून ठेवलेली असते आणि पुढचा माणूस ‘लो व्होल्टेज’ लिहून मोकळा होतो. मग गती, ताल, अक्ष (विजेची एकूण दिशा), मग ठोक्याचे भाग ओळीने: पीआर, क्यूआरएस, क्यूटी, आणि शेवटी एसटी नि टी. सगळे थेट एसटीवर उडी मारतात. त्या घाईत पीआर लांबलेला, टी तंबूसारखा टोकदार झालेला (रक्तात पोटॅशियम वाढल्याची खूण), हे डोळ्यांसमोरून निघून जातं. किडनीच्या पेशंटमध्ये तो टोकदार टी जीव घेऊ शकतो.

आणि एव्हीएल. खालच्या भिंतीच्या इन्फार्क्टमध्ये कित्येकदा पहिली खूण तिथेच दिसते. दोन-तीन-एव्हीएफमध्ये शंका आली की लगेच तिकडे बघायचं.


सध्या_इंटर्न

सर, आकडे वाचून जरा हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आमची बाजू सांगते. कॅज्युअल्टीत ‘ईसीजी’ हा शब्द आमच्या कानावर ‘काढ आणि आण’ असाच पडतो. काढायचा, न्यायचा, निवासी डॉक्टर एक नजर टाकणार, ‘ठीक आहे’ किंवा ‘आयसीसीयूला (हृदयाच्या अतिदक्षता विभागाला) कळव’. तोवर मला रक्ताच्या बाटल्या लॅबला न्यायच्या असतात, कोणाचा तरी कॅन्युला निघालेला असतो, ट्रॉली सापडत नसते. त्या पट्टीत काय होतं हे विचारायला थांबले तर मागचे तीन पेशंट थांबतात.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या माणसाचं पुढे काय झालं, हे कधीच कळत नाही. मी मनात ‘हे परिकार्डायटिस (हृदयाच्या आवरणाची सूज) असावं’ म्हटलं. बरोबर होतं? चूक होतं? तो वॉर्डात गेला, माझी ड्यूटी संपली, संपलं. असं वर्षभर चाललं तर शेवटी येतं काय, तर पट्टी काढायला.

दुसरं नीट-पीजीचं, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचं. तिथेही ईसीजीची चित्रं येतात, पण खाली चार पर्याय असतात. चारातलं एक बरोबर असणारच. कॅज्युअल्टीत पर्याय नसतात, आणि ‘काहीच नाही, घरी पाठवा’ हेही उत्तर असू शकतं. ते म्हणायला सगळ्यांत जास्त धीर लागतो.

एका निवासी डॉक्टरची मात्र मी ऋणी आहे. पट्टी हातात घेण्याआधी विचारायचे, ‘तू सांग. मग मी बघतो.’ त्यांच्यासोबतच्या पोस्टिंगमध्ये मी जे शिकले ते बाकी वर्षात नाही. वेळ किती जायचा त्यात? अर्धा मिनिट.

मावशी, एक विचारू? हातांच्या वायर उलट लागल्यात की खरंच डेक्स्ट्रोकार्डिया आहे, हे ओळखायचं कसं? मीसुद्धा तेच उत्तर दिलं असतं.


फोंड्याची_टेक्निशियन

विचार बाय, यात लाजायचं काय. दोन्हीत लीड एक उलटं दिसतं आणि एव्हीआर वर तोंड करून असतं. म्हणून छातीची लीड बघायची. वायर उलट असतील तर व्ही-१ पासून व्ही-६ पर्यंत आर (ठोक्याचं वर जाणारं उंच टोक) नेहमीसारखा वाढत जातो, कारण छातीवरचं कोणी हलवलेलंच नाही. डेक्स्ट्रोकार्डियात तो डावीकडे वाढण्याऐवजी बारीक होत जातो. आणि वायर उलट लागणं हे रोजचं, उजवीकडचं हृदय माझ्या सगळ्या नोकरीत क्वचित. संशय आला की वायर बघून पट्टी परत काढायची, आणि चुकलेल्या पट्टीवर ठळक काट मारायची, नाहीतर ती फाईलमध्ये जाते आणि पुढच्या इस्पितळात नवी कथा सुरू होते.

तू म्हणालीस ‘शेवटी येतं काय, तर पट्टी काढायला’. माझं मत विचारशील तर तेही येत नाही गं. रागावू नकोस. व्ही-१ नि व्ही-२ ची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना. नवे लोक ते पार गळपट्टीच्या हाडाखाली लावतात. मग आर नीट चढत नाही आणि कोणीतरी ‘जुना अटॅक’ लिहितं, किंवा व्ही-१ मध्ये भलतेच आकार दिसून ब्रुगाडाची (हृदयाच्या तालाचा एक जिवावर बेतणारा दोष) चर्चा सुरू होते. छातीच्या हाडावरून बोट खाली आणलं की एक उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत खाली यायचं. बायकांच्या बाबतीत तर लाजेपोटी व्ही-४ कुठेही चिकटवतात. आधी सांगायचं, चादर घ्यायची, स्तन वर उचलायला त्यांनाच सांगायचं आणि खाली, पाचव्या फटीत लावायचं. साठीच्या आजीला याचं काही वाटत नाही, लाज वाटते ती पंचविशीतल्या डॉक्टरला!

थरथरीचं डॉक्टर म्हणाले ते खरंच. एसीत कुडकुडणारा माणूस, कंपवाताचा पेशंट, दोघांच्या पट्ट्या फसवतात. पांघरूण घाला, हात मांडीखाली धरायला सांगा, मिनिटभर थांबा.

पूर्वीचं यंत्र एकावेळी एकच लीड काढायचं. लांबलचक पट्टी यायची, मग ती कात्रीने कापून एकेक लीड कार्डावर चिकटवायचं. इंटर्न मुलं कंटाळायची, पण त्या चिकटवण्यात प्रत्येक लीडवरून नजर जायची. आता बाराच्या बारा एका पानावर छापून येतात आणि कोणी बघत नाही. जुनं तेच सोनं म्हणणारी मी नव्हे, तो डिंक आठवला तरी नको वाटतं. पण हे खरं आहे.


मांडवी_पार

तुम्ही सगळे डॉक्टर लोक बोलताय, मध्येच घुसतो. माझ्या वडिलांना छातीत भरून आल्यासारखं झालं म्हणून रात्री एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. ईसीजी काढला, नॉर्मल आहे म्हणाला, गॅस धरला असेल म्हणून गोळी दिली. सकाळी मोठा अटॅक. वाचले, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. मग त्या पोराला वाचता आलं नाही असं समजायचं का?


जुना_फिजिशियन (डिचोली)

पट्टी न बघता सांगता येणार नाही, आणि अंदाजाने कोणाला दोष देणार नाही. पण एक शक्यता अशी की पट्टी खरोखर नॉर्मल होती आणि त्याने बरोबर वाचली. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी परत काढायचा, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) बघायचं, तेही काही तासांनी पुन्हा. एका नॉर्मल पट्टीवर पन्नाशीच्या पुढच्या माणसाला घरी पाठवणं ही वाचनातली नव्हे, विचारातली उणीव. जुनी पट्टी घरात असेल तर सोबत न्यावी. नवी आणि जुनी शेजारी ठेवली की निम्मे वाद मिटतात.


दक्षिणेची_एमओ

मी दक्षिण गोव्यातल्या एका आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. ‘वरून उत्तर येतं’ यावर मीच बोलायला हवं.

हो, येतं. स्टेमी (एसटी चढलेला मोठा अटॅक) प्रकल्पात आमच्यासारखी केंद्रं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जोडलेली आहेत. ईसीजी इथून जातो, तिथून निदान येतं, अटॅक पक्का असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आम्ही इथेच देतो. टेनेक्टेप्लेज, वजनावर मात्रा, एकाच दमात शिरेतून. मग १०८ ने पुढे. काणकोणच्या माणसाला करमल घाट ओलांडून मडगाव आणि तिथून बांबोळी गाठायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्यात हृदयाचा किती स्नायू मरतो, याचा हिशेब केला तर ही सोय काय आहे ते समजेल. त्यामुळे ‘यंत्र आलं आणि पोरं आळशी झाली’ हे रडगाणं मी गाणार नाही.

पण मावशी, तुमच्या भाच्याने डोकं खपवायलाच हवं. कारण वरचा माणूस तेवढंच वाचतो जेवढं आपण पाठवतो. मधुमेहाची बाई येते, छातीत दुखत नाही, नुसतं मळमळतंय आणि जीव घाबरतोय. तिचा ईसीजी काढावा हे कोणाला सुचायला हवं? इथल्याला. व्ही-१ ते व्ही-३ मध्ये एसटी खाली गेलाय, म्हणजे मागच्या भिंतीचा अटॅक असू शकतो, पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ लावून बघायला हवं, ते लावणार कोण? इथलाच. खालच्या भिंतीचा दिसला की उजव्या बाजूचं व्ही-४ काढायचं. उजव्या कप्प्यालाही मार बसलेला असेल आणि तुम्ही सवयीने जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवलंत, तर बीपी धाडकन खाली येतं. उत्तर येईपर्यंतच्या त्या चार मिनिटांत गोळी तोंडात गेलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या इंटर्नना एकच सक्ती आहे. ईसीजी पाठवला की उत्तर येण्याआधी रजिस्टरात स्वतःचं निदान लिहायचं. चुकलं तरी खोडायचं नाही, शेजारच्या रकान्यात आलेलं उत्तर लिहायचं. सुरुवातीला रुसतात. नंतर त्यांच्यात पैजा लागतात.

डिचोलीच्या डॉक्टरांशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. इंटर्नला अक्षाच्या अंशांत अडकवू नका. पाच गोष्टी त्याला झोपेतही ओळखता यायला हव्यात. एसटी चढलेला अटॅक, पूर्ण हार्ट ब्लॉक, व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून सुटलेला घातक वेगवान ताल), पोटॅशियमचा टी, आणि सरळ नॉर्मल. बाकीचं निवासी झाल्यावर.


जुना_फिजिशियन (डिचोली)

अंश मोजायला कोण सांगतंय? लीड एक आणि एव्हीएफ, दोन अंगठे वर की खाली, दोन सेकंदांचं काम. पण यादीत ‘नॉर्मल’ घातलंत ते शंभर टक्के पटलं. विशेषतः पंचविशीतल्या पोरांचा नॉर्मल. त्यांच्या व्ही-२, व्ही-३ मध्ये एसटी थोडा वर असतोच. चाळिशीच्या आतल्या पुरुषात तो अडीच मिलिमीटरपर्यंतही चालतो. हे माहीत नसलं की फुटबॉल खेळून आलेल्या धडधाकट पोराला रात्रभर आयसीसीयूत झोपवतात.


फोंड्याची_टेक्निशियन

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. वरचा काठ दुमडायचं त्याला फार आवडलं. झेरॉक्सचा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून देणार आहे, उत्तरं माझ्याकडे. डॉक्टर, माझ्या गठ्ठ्यात नॉर्मल पट्ट्या फारशा नाहीत, कारण त्या कधी जपून ठेवाव्यात असं वाटलंच नाही. आता ओळखीच्यांकडून मागवते.


सध्या_इंटर्न

मॅडम, तुमचं रजिस्टर आवडलं. पण आमची ड्यूटी दर काही दिवसांनी बदलते, रजिस्टर तिथेच राहतं. पेशंटचं पुढे काय झालं ते कळायचं कसं?


दक्षिणेची_एमओ

स्वतःची वही कर. नाव लिहू नकोस, केस नंबरही नको. तारीख, वय, तक्रार, तुझं निदान, बस. वॉर्डातल्या बॅचमेटला दुसऱ्या दिवशी विचारायचं, ‘काल रात्रीच्या त्या छातीदुखीवाल्या काकांची अँजिओग्राफी झाली का?’ तो सांगतो. त्याच्या बदल्यात तो तुला कॅज्युअल्टीचं काहीतरी विचारेल.


सध्या_इंटर्न

बॅचच्या ग्रुपवर टाकते. दोघी तयार आहेत, तिसरा म्हणतो आधी नीट-पीजी होऊ दे. वही मोठी घेऊ की छोटी?


दक्षिणेची_एमओ

कोटाच्या खिशात मावेल ती. आणि पेन दोऱ्याने बांध, कॅज्युअल्टीत पेन टिकत नाही.